पुलाला नेत्याचं नाव द्यायचंय? आधी कोनशिला वाचा

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचणाऱ्या इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तालुक्याचं गाव, नदीवर साठेक वर्षांचा पूल. सगळे त्याला 'मोठा पूल' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या माजी आमदारांचं नाव त्याला द्यावं म्हणून तुमच्या मंडळाने सह्या गोळा केल्यात आणि नगराध्यक्ष अनुकूल आहेत. गावातल्या दुसऱ्या गटाला दुसरं नाव हवंय, आणि वयस्कर मंडळी म्हणतात की नाव बदलूच नका. तुम्ही विचारलंय: ठराव कसा करायचा, शासनाची मंजुरी लागते का, आणि वाद न होता हे पार कसं पाडायचं?

मी वेगवेगळ्या नगरपरिषदांच्या सभा शाखेत २८ वर्षं काढली. विषयपत्रिका काढणं, सभेच्या नोटिसा बजावणं, सभागृहात बसून ठराव उतरवून घेणं, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करून घेणं, हेच माझं काम. चौक, रस्ते, उद्यानं, वाचनालयं, पूल अशा नामकरणांचे ठराव माझ्या हाताने लिहिले गेले. त्यातले काही आजही लोकांच्या तोंडी आहेत. काही फक्त ठरावाच्या नोंदवहीत आहेत. काहींवरून गावात असं वैर झालं की ज्यांचं नाव द्यायचं होतं त्यांच्या घरच्यांनीच शेवटी 'राहू द्या' म्हणून पत्र दिलं.

म्हणून सांगते, ठराव हा यातला सगळ्यात सोपा भाग. सूचक, अनुमोदक, हात वर, दहा मिनिटांचं काम. तुमचा खरा प्रश्न तुम्हीच सहज लिहून गेलात: 'सगळे त्याला मोठा पूल म्हणतात.' ज्या पुलाचं नाव लोकांनी आपणहून ठेवलंय, त्याला दुसरं नाव देताना ते तोंडी कसं बसेल, आणि बसेपर्यंत त्या गेलेल्या माणसाच्या नावाची ओढाताण कशी होणार नाही, हे बघायचंय. बाकीचं कागदावरचं आहे, ते मी सांगतेच.

पहिली गोष्ट, पूल कोणाचा? हसण्यावारी नेऊ नका. गावातला पूल नगरपरिषदेचाच असतो असं सगळे धरून चालतात. तो नगरपरिषदेच्या मालमत्ता नोंदवहीत असेल तर प्रश्न नाही. पण साठ वर्षांपूर्वीचा नदीवरचा पूल बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघतो, कारण त्यावरून जाणारा रस्ता राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असतो. काही ठिकाणी तो जिल्हा परिषदेचा असतो. वरून राष्ट्रीय महामार्ग जात असेल तर विषय केंद्राकडे जातो. खाली रेल्वेचे रूळ असतील तर रुळांवरचा भाग रेल्वेचा आणि दोन्हीकडचे पोहोच रस्ते दुसऱ्याचे, अशी वाटणी असते. पूल तुमचा नसेल तर नगरपरिषदेचा ठराव म्हणजे फक्त शिफारस. ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत किंवा संबंधित विभागामार्फत वर जाते आणि निर्णय तिकडे होतो. काही मोठ्या पुलांची नावं तर मंत्रिमंडळ ठरवतं. वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूला सावरकरांचं आणि शिवडी-न्हावाशेवा पुलाला वाजपेयींचं नाव देण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळातच झाला.

त्यामुळे सह्यांचे कागद घेऊन नगराध्यक्षांकडे जाण्याआधी माहिती अधिकारात एक साधा अर्ज टाका. तीन गोष्टी विचारा. पूल कोणाच्या ताब्यात आहे, कोणत्या वर्षी बांधला, आणि त्याला आजवर अधिकृत नाव दिल्याचा कोणताही ठराव किंवा आदेश आहे का. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यातला तिसरा मुद्दा मी का घालायला सांगते, ते एका प्रसंगावरून सांगते.

मी नोकरीत असताना एका गावात अगदी तुमच्यासारखाच पूल होता. दगडी कठडे, नदी बाराही महिने वाहती, आणि गावाच्या बाजूला पुलाच्या तोंडाशी एक दगड. दर दिवाळीला आणि कोणी मोठं माणूस येणार असलं की कठड्यांना चुना मारला जाई, तो त्या दगडालाही मारला जाई. तिथल्या एका वजनदार माजी नगराध्यक्षांचं निधन झालं आणि वर्षभरात पुलाला त्यांचं नाव देण्याचा विषय माझ्याकडे आला. टिपणी लिहायची म्हणून मी पूल बघायला गेले. बरोबर पाणीपुरवठ्याकडचा एक शिपाई होता. दगड नुसता पांढरा दिसत होता, पण ऊन तिरपं पडलं की त्यावर अक्षरांच्या खळग्यांसारखं काहीतरी उमटत होतं. शिपायाने पत्र्याच्या तुकड्याने कोपरा खरवडला. चुन्याचे थर पापुद्र्यासारखे सुटत होते. वरचा पांढरा, मग पिवळट, मग गेरू, मग पुन्हा पांढरा. खाली काळा पाषाण आणि त्यात कोरलेली अक्षरं. पुलाला आधीच नाव होतं. गावच्याच एका स्वातंत्र्यसैनिकाचं, जे पुढे नगराध्यक्ष झाले होते. ऑफिसात येऊन जुन्या नोंदवह्या काढल्या तर १९६७ सालचा ठराव सापडला. शाई तांबूस झाली होती, पण शब्दन्‌शब्द वाचता येत होता. सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर'.

विचार करा, एवढं रीतसर दिलेलं नाव गावात एकालाही आठवत नव्हतं. त्यांचे नातू गावातच राहत होते, त्यांनाही माहीत नव्हतं. आणि आम्ही एका माजी नगराध्यक्षाचं नाव काढून दुसऱ्या माजी नगराध्यक्षाचं नाव द्यायला निघालो होतो.

पुढे काय झालं तेही सांगते. विषय सभेपुढे गेला, पण वेगळा. दगड स्वच्छ करून अक्षरं रंगवायची आणि पुलाचं जुनं नाव कायम ठेवायचं असा ठराव झाला. नुकत्याच गेलेल्या नगराध्यक्षांच्या काळात गावाला नळाचं पाणी आलं होतं, तर त्यांचं नाव जलशुद्धीकरण केंद्राला दिलं. त्यांच्या पत्नींना ते पुलापेक्षा जास्त आवडलं. त्या उद्घाटनाला आल्या आणि टाक्या, गाळण्या, सगळं फिरून बघून गेल्या.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हेच, कोनशिला वाचा. पुलाला खरोखर कधीच अधिकृत नाव नसेल तर तुम्ही नामकरण करताय. असेल तर नामांतर करताय. ही दोन वेगळी कामं आहेत. नामांतरात तुम्ही कोणाचं तरी नाव काढताय आणि तो माणूस बोलायला हजर नाही. नामांतराला मी सहसा अनुकूल नसते, हे मोकळेपणाने सांगते. परक्या राज्यकर्त्याचं नाव काढायचं असेल तर लोकांच्या भावना मी समजू शकते. मुंबईचा कर्नाक पूल गव्हर्नर कर्नाक यांच्या नावाचा होता. जुना पाडून नवा बांधल्यावर जुलै २०२५ मध्ये तो 'सिंदूर पूल' झाला. पण आपल्याच गावच्या माणसाचं नाव पुसून दुसऱ्याचं लावणं मला पटत नाही. तुम्ही आज जो पायंडा पाडाल तो तुमच्या आमदारांच्या नावालाही उद्या लागू होईल.

आता नाव तोंडी बसण्याबद्दल. यात माझा अनुभव आणि आपल्याकडचे पूल दोन्ही एकच सांगतात. पुण्याचा लकडी पूल अधिकृतपणे छत्रपती संभाजी पूल आहे. लाकूड जाऊन किती काळ लोटला, तरी रिक्षावाल्याला आपण लकडी पूलच सांगतो. मुंबईत जे. जे. उड्डाणपुलाचं अधिकृत नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांच्या नावाचं आहे, पण वाहतुकीच्या बातम्यांत 'जे. जे. उड्डाणपूल' हेच ऐकू येतं. वांद्रे-वरळी सागरी सेतूचं काम वर्षानुवर्षं चाललं. तोवर 'सी लिंक' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी पक्का झाला होता, आणि राजीव गांधींचं नाव ३० जून २००९ ला उद्घाटनाच्या वेळी आलं. आज टॅक्सीत बसून कोणी 'राजीव गांधी सागरी सेतूवरून घ्या' म्हणत नाही. यात कोणाचा अनादर नाही. नाव उशिरा आलं आणि जागा आधीच भरलेली होती, एवढंच.

याच्या उलट 'अटल सेतू' बघा. पूर्ण नाव लांबलचक आहे, अटल बिहारी वाजपेयी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू. पण त्याच्या शेवटी दोन शब्दांचं छोटं नाव तयार ठेवलेलं होतं, आणि १२ जानेवारी २०२४ ला पूल खुला होण्याच्या आधी काही महिने ते जाहीर झालं होतं. सुमारे २२ किलोमीटरचा नवाकोरा पूल, लोकांनी त्याला अजून घरगुती नाव दिलेलं नव्हतं. ते पटकन बसलं. गोव्यात पणजीला मांडवीवरचा तिसरा पूलही 'अटल सेतू'च, तो २०१९ च्या जानेवारीत सुरू झाला. त्यामुळे दोन अटल सेतू झाले. तुमच्या बाबतीत एवढ्यासाठी हे बघा की तालुक्यात त्याच आमदारांच्या नावाचा दुसरा चौक, पूल किंवा रस्ता आधीच आहे का. असला तर पत्ता सांगणाऱ्याचा गोंधळ होतो आणि लोक परत जुन्या नावाकडे वळतात.

पण मला सगळ्यात शिकवून जाणारा पूल सांगलीचा. आयर्विन पूल. १९२९ सालचा, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा. इंग्रज गेले, संस्थान गेलं, तरी नाव आहे तसंच आहे. लोकांना आयर्विनविषयी प्रेम आहे म्हणून का? अजिबात नाही. कृष्णेच्या पुराचं पाणी त्या पुलाजवळ मोजतात म्हणून. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये सांगली-मिरजेची माणसं सकाळी उठून पहिलं विचारतात, 'आयर्विनला किती फूट?' २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा सांगलीचे नातेवाईक असलेला प्रत्येक माणूस, पुण्यात असो की परदेशात, आयर्विन पुलाचा आकडा बघत होता. नाव कामाचं झालं, म्हणून टिकलं.

तुम्ही तुमच्या आमदारांचं नाव जगवायचं म्हणत असाल तर ते कामाचं करा. पुलाच्या खांबावर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा रंगवून घ्या आणि पुराच्या दिवसांत नगरपरिषदेच्या सूचनेत तेच नाव जाऊ द्या. एसटीच्या आगारप्रमुखांना भेटून थांब्याच्या फलकावर नाव घालून घ्या. कंडक्टर पुलाच्या अलीकडे 'मोठा पूल, मोठा पूल' असं ओरडतो ना, तोच तुमचा खरा नामकरण अधिकारी. तो जे म्हणेल ते पुढची पिढी म्हणेल. टपाल कार्यालय, पोलीस ठाणे, आणि १०८ रुग्णवाहिकेचं जे केंद्र तुमच्या भागात असेल तिथे दोन्ही नावं लेखी कळवा. अपघात झाल्यावर फोन करणारा एक नाव सांगतोय आणि चालकाला दुसरं माहीत आहे, अशी वेळ कोणावर येता कामा नये.

यावरून तुम्हाला लक्षात आलं असेल की जुनं नाव मारू नका असं मी म्हणतेय. फलकावर आमदारांचं नाव मोठ्या अक्षरात, खाली कंसात 'मोठा पूल'. वयस्कर मंडळींचा विरोध बऱ्याचदा एवढ्याने मावळतो. त्यांचं भांडण आमदारांशी नसतं. आपल्या तोंडातला शब्द कोणीतरी काढून घेतंय, हे त्यांना लागतं.

आणि नाव छोटं ठेवा. 'लोकनेते माजी आमदार स्वर्गीय श्री. अमुक तमुक साहेब पूल' असं लिहिलंत तर त्यातला एकही शब्द तोंडी राहणार नाही. लोक ज्या नावाने त्यांना हाक मारायचे ते घ्या. आबा, तात्या, अण्णा, भाऊ, जे असेल ते, आणि आडनाव. तीन शब्दांच्या वर जाऊ नका. बाकीच्या पदव्या कोनशिलेवर कोरा, तिथे जागा असते.

इथे कुटुंबाचा विषय येतो. त्यांची लेखी संमती घ्या, आणि त्यात नाव कसं लिहायचं ते त्यांच्या हाताने लिहून घ्या. हे मी ठेच लागून शिकले. एका चौकाच्या फलकावर रंगाऱ्याने 'आण्णासाहेब' असं रंगवलं. घरची माणसं आयुष्यभर 'अण्णासाहेब' लिहीत आली होती. अनावरणाच्या आदल्या संध्याकाळी त्यांची मुलगी फलक बघायला आली, बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, 'हे आमचे बाबा वाटत नाहीत हो.' एक काना जास्त होता. रात्री साडेदहाला रंगाऱ्याला घरून बोलावून बॅटरीच्या उजेडात तो काना खोडून घेतला. ठरावातही तसंच लिहिलं गेलं होतं, ते शुद्धिपत्रक काढून दुरुस्त करावं लागलं. चूक माझीच होती, मी नाव ऐकून लिहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ते गेले असं तुम्ही लिहिलंय. मला विचाराल तर हे थोडं लवकर आहे. कायद्यात अशी मुदत आहे म्हणून नाही, माझा स्वतःचा हिशेब म्हणून मी पाच वर्षं म्हणते. पाच वर्षांत एक निवडणूक होऊन जाते, आणि नाव मागणारे कोण होते आणि कशासाठी होते ते आपोआप कळतं. त्यांच्या घरातलं कोणी पुढच्या निवडणुकीला उभं राहणार असेल तर जास्तच थांबा. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीवर 'टॅपन झी' नावाचा जुना पूल होता. त्याच्या जागी नवा बांधला आणि २०१७ मध्ये त्याला माजी गव्हर्नर मारिओ कुओमो यांचं नाव दिलं. तेव्हा गव्हर्नर होते त्यांचेच चिरंजीव. जुनं नाव परत द्या म्हणून लाखाच्या वर लोकांनी अर्जावर सह्या केल्या. कुओमो मोठे नेते होते यावर भांडण नव्हतंच. मुलाच्या हातून बापाचं नाव लागलं आणि गावकीचं जुनं नाव गेलं, हे लोकांना खुपलं. तुम्हाला थांबायचं नसेल तर निदान एवढं करा की मागणी कुटुंबाकडून किंवा त्यांच्या गटाकडून येऊ देऊ नका, गावातल्या सगळ्या पेठांतून येऊ द्या.

दुसऱ्या गटाला दुसरं नाव हवंय, त्याचं काय करायचं? हे सगळं त्या दुसऱ्या नावामागे काय आहे त्यावर अवलंबून आहे, आणि ते तुमच्या पत्रावरून मला कळत नाही. पण वाद सोडवताना मी एकच कसोटी लावत आले आहे: या माणसाचा या पुलाशी संबंध काय? मोठेपणाची तुलना सुरू झाली की ती संपत नाही. कोणाचा नेता मोठा हे नगरपरिषदेच्या सभागृहात ठरू शकत नाही आणि ठरवूही नये. पण संबंध कागदावर दाखवता येतो. तुमच्या आमदारांनी पुलाच्या रुंदीकरणासाठी पत्रं लिहिली असतील, निधी आणला असेल, विधानसभेत प्रश्न विचारला असेल तर तो कार्यवृत्तात सापडेल. पानभर टिपणी करा, सोबत कागद जोडा. दुसऱ्या गटालाही तेवढीच एक पानाची टिपणी करायला सांगा. माझ्या अनुभवात, टिपणी लिहायला बसल्यावर अर्धे वाद तिथेच निवळतात, कारण लिहिणाऱ्यालाच कळतं की आपल्या नेत्याचं काम पुलाचं नव्हतं, शाळेचं होतं किंवा रुग्णालयाचं होतं. मग त्यांचं नाव तिथे द्यावं, आणि मनापासून द्यावं. मात्र 'पूल तुम्हाला, चौक आम्हाला' असा सौदा करू नका. सौद्यात दोन्ही नावं हलकी होतात. दोन्ही नावं एकाच फलकावर जोडूही नका. तशा जोडनावाचं लोक दोन दिवसांत काहीतरी आद्याक्षरी रूप करून टाकतात.

आता कागदाची बाजू, एका दमात सांगते. विषय सर्वसाधारण सभेच्या छापील विषयपत्रिकेवर घ्या. 'ऐनवेळचा विषय' म्हणून कधीही आणू नका. एका गावात रेल्वे उड्डाणपुलाचं नाव असंच ऐनवेळी मंजूर करून घेतलं गेलं. विरोधी सदस्य निम्मे निघून गेले होते. त्याच आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार गेली, नगरपरिषदा अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवली गेली, आणि तोवर फलक लावून झाला होता. तो कापडाने झाकून ठेवला. पावसात कापड फाटून नाव अर्धं दिसायला लागलं, ती अवस्था मी बघितलेली आहे. महापालिकेच्या बाबतीत असाच अधिकार महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासनाकडे आहे. तुमच्याकडे निवडून आलेलं सभागृह आहे ही जमेची बाजू. मध्यंतरी कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं प्रशासक होते. प्रशासकाच्या सहीने नामकरण करून घेऊ नये असंच मी सगळ्यांना सांगत आले, कारण त्याला गावाचा आवाज नसतो.

सभेआधी महिनाभर नगरपरिषदेच्या फलकावर आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवा. सक्तीचं आहे की नाही याची चर्चा करत बसू नका, मागवाच. आलेली प्रत्येक हरकत टिपणीत नोंदवा आणि तिला उत्तर द्या. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याच्या बेतात असेल तर विषय पुढे ढकला, कारण अर्धवट राहिलेलं नामकरण प्रचारात ओढलं जातं.

ठरावाचा मसुदा साधारण असा करा:

'शहर हद्दीतील … नदीवरील पूल (प्रचलित नाव: मोठा पूल) यास "… पूल" असे नाव देणेबाबत संबंधित विभागाकडे शिफारस करणेस ही सभा मान्यता देत आहे. पुलाचे प्रचलित नाव नामफलकावर कंसात कायम ठेवणेत यावे. मूळ कोनशिला आहे त्या जागी जतन करणेत यावी. नामफलकाचा मजकूर कुटुंबाच्या लेखी संमतीनेच अंतिम करणेत यावा. पुलावर अथवा पोहोच रस्त्यावर कमान, पुतळा किंवा अन्य बांधकाम करणेत येऊ नये. नामफलकासोबत पुलावरील दिवे, कठडे व पाण्याचा निचरा यांची तपासणी करून अहवाल पुढील सभेपुढे ठेवणेत यावा.'

पूल नगरपरिषदेचाच निघाला तर 'देणेबाबत संबंधित विभागाकडे शिफारस करणेस' एवढं काढून तिथे 'देणेस' करा.

यातली कमान-पुतळ्याची ओळ मुद्दाम घातलीय. फलक लागला की वर्षभरात कमानीची मागणी येते, मग अर्धपुतळ्याची. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात सार्वजनिक रस्ते, पदपथ अशा जागी पुतळे किंवा बांधकामांना परवानगी देऊ नये असं राज्यांना सांगितलंय. आधीच ठरावात लिहून ठेवलंत तर पुढे कोणाला नाही म्हणावं लागत नाही.

मसुद्यातली शेवटची, तपासणीची ओळ मला सगळ्यात जवळची आहे. पुलाला माणसाचं नाव दिलं की पुलाचं जे होतं ते त्या नावाचं होतं. पणजीत मांडवीवरचा पहिला पूल नेहरूंच्या नावाचा होता, तो ५ जुलै १९८६ ला कोसळला. अंधेरीच्या पुलाला गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव आहे. ३ जुलै २०१८ ला त्याच्या पादचारी मार्गाचा भाग रुळांवर पडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची पातळीच जुळत नव्हती. त्या सगळ्या काळात बातम्यांचे मथळे काय होते आठवा. 'गोखले कोसळला', 'गोखले बंद', 'गोखल्यांमुळे कोंडी'. ज्या माणसाने उभं आयुष्य देशाच्या कामाला वाहिलं त्याचं नाव लोकांनी वैतागून घ्यावं, हे मला फार लागलं होतं. तुमचा पूल साठ वर्षांचा आहे. सावित्री नदीवरचा महाडजवळचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, हे आपण कोणी विसरलेलो नाही. म्हणून तुमच्या मंडळाने सह्यांच्या अर्जातच पुलाच्या संरचनात्मक तपासणीची मागणी घालावी. तपासणीत पूल कमकुवत निघाला आणि शेजारी नवा बांधायचं ठरलं तर फारच चांगलं. नवा पूल कोऱ्या पाटीसारखा असतो. पायाभरणीच्या दिवसापासून त्याला तुमच्या आमदारांचं नाव द्या, आणि जुना मोठा पूल मोठा पूलच राहू द्या.

नामकरण की नामांतर, पूल कोणाचा, आणि या माणसाचं या पुलाशी नातं काय, एवढ्याची उत्तरं हातात आली की पुढचा रस्ता बराच मोकळा होतो.

या रविवारी सकाळी पुलावर जा. गावाच्या बाजूला, दोन्ही कठड्यांच्या सुरुवातीला बघा, कोनशिला बऱ्याचदा तिथे असते. चुना असेल तर लोखंडाने खरवडू नका, अक्षरांच्या कडा जातात. आमच्या शिपायाने पत्रा वापरला, त्यात एक वेलांटी कायमची गेली. पाणी मारून थोडा वेळ भिजू द्या आणि नारळाच्या काथ्याने हलक्या हाताने घासा. जे वाचता येईल त्याचा फोटो काढून इथेच टाका. साल दिसलं तर त्या सालचा ठराव किंवा आदेश कुठल्या नोंदवहीत शोधायचा ते मी सांगते.